आण्णांच्या अक्षरांची अट

“फुकट वाट, गावाला वाट, जगाला वाट! पण माझ्या अक्षराला कुणी हात लावायचा न्हाई!” आण्णांनी परवानगीचा कागद कपिलच्या पुढ्यात भिरकावला.

साखर कारखान्यापासून बुद्धविहारापर्यंत कराडातल्या पाट्या चाळीस वर्षं आण्णा पेंटरनं रंगवलेल्या. कपिल कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला. बापाच्या त्या पाट्यांवरून दोन वर्षं खपून त्यानं मराठी फॉन्ट बनवला होता. पुण्याची काही पोरं मोफत सॉफ्टवेअरची सीडी काढत होती, तिच्यात हा फॉन्ट जाणार होता. पण अक्षरं आण्णांची, म्हणून त्यांची लेखी परवानगी हवी. तीही अशी, की कुणीही फॉन्ट वाटावा, विकावा, बदलावा. त्या ‘बदलावा’पाशी घोडं अडलं.

“आण्णा, बदलायची मुभा नसंल तर ते घेतच न्हाईत. नियम हाय त्यांचा.”

“मग ऱ्हाऊ दे! कुणीबी यील, वाकडंतिकडं करंल, आन् लोक म्हणत्याल, आण्णाचा हात बिघडला. लय मेहनतीनं नाव कमावलंय मी.”

आण्णा तरातरा अंगणात गेले. चंद्राबाई मुलाजवळ सरकल्या. “तूच ठोक की सही. कोण बघाया येतंय?”

“आई, अक्षरं त्यांची हायती. खोटी सही करून द्यायची व्हय? त्यापरीस फॉन्ट पडून ऱ्हाईल.”

भिंतीपलीकडं आण्णांनी ते ऐकलं. पोरगं दोन वर्षांच्या कष्टावर पाणी सोडेल, पण बापाला फसवणार नाही! तरी हट्टी माणूस, रात्र काढली तेव्हा कुठं सकाळी बोलला.

“कपिल, दुसऱ्यानं रंगवलेली पाटी मला दुरुस्तीला आली, तर मी पयलं काय करतो?”

“जुन्या पेंटरची सही पुसता.”

“आन् माझी घालतो. बिघडलं तर शिव्या मला, जमलं तर शाबासकी मला. लिही तसं. बदला म्हणावं खुशाल, पण बदललं की माझं नाव काढायचं, आपलं घालायचं.”

कपिलनं लिहिलं. पुण्याच्या पोरांनी अट मान्य केली आणि फॉन्ट सीडीत गेला.

वर्षभरानं कपिल लॅबमधून एक छापील कागद घेऊन आला. सांगलीच्या अक्षता नावाच्या मुलीनं तो फॉन्ट घेऊन बरीच अक्षरं बदलली होती आणि अटीप्रमाणं त्याला स्वतःचं नाव दिलं होतं.

आण्णांनी चष्मा पुसला. आपल्या अक्षरांचा कागद तिच्या कागदाशेजारी ठेवला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत बसले. चहा निवून गेला.

“मोडली व्हय वो अक्षरं?” चंद्राबाईंनी भीत भीत विचारलं.

“न्हाई गं. हा ‘ळ’ बघ. चाळीस वरसांत मला असा सुचला न्हाई.” आण्णा कपिलकडं वळले. “कपिल, त्या पोरीला कळीव. आण्णा पेंटरनं सांगितलंय म्हणावं, माझं नाव काढलंस, लय बरं केलंस.”

मग त्यांनी आपला कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.