ताईंनी स्वतः पाहिलेलं

‘खिडकी उघडावी आणि समुद्राने समोर हजर व्हावं.’ हे वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी लिहिलं, सहल कंपनीच्या पुस्तिकेत, पान चौदा. खाली माझा हसरा फोटो आणि शिक्का, ‘ताईंनी स्वतः पाहिलेलं’. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. पण तेव्हा काय रुबाब होता माझा!

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गोडगोड जाहिरातींना लोक विटलेले असतात. सवलत म्हणून जावं आणि पोचल्यावर डोकं धरून बसावं, हे प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं असतं. आमच्या मालकांनी त्यावर शक्कल काढली. एक बाई आधी स्वतः जाणार, राहणार, गादी दाबून बघणार, नळ सोडून बघणार, ‘पाच मिनिटांच्या अंतरावर’ लिहिलं असेल तर घड्याळ लावून चालून बघणार. ती हो म्हणाली तरच ते ठिकाण पुस्तिकेत. ती बाई मी. अठरा वर्षं झाली, एक्केचाळीस ठिकाणं झाली. भाजी घेताना अनोळखी बायका थांबवून सांगायच्या, ‘तुम्ही लिहिलंत म्हणून गेलो हो!’ मी आपली मान हलवायची, जसा काही समुद्र मीच भरून ठेवला होता.

आता आमच्या ऑफिसची एक पद्धत. मी निघण्याच्या आठ दिवस आधी हॉटेलला पत्र जायचं. ‘आमच्या ताई अमुक तारखेला येत आहेत, योग्य ती व्यवस्था व्हावी.’ हे पत्र टाइप कोण करायचं? मीच. आणि व्यवस्था व्हायची, अगदी योग्य व्हायची. अठरा वर्षांत मला कधी गार पाण्याची आंघोळ करावी लागली नाही, कधी चादरीवर डाग दिसला नाही. माझ्या डोक्यात कधी शंका आली नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? एकदोनदा आली होती. तेव्हा समोर फळांची टोपली होती, मी सफरचंद उचललं आणि विषय मिटला.

आता माझी आई. वय शहात्तर, जीभ सोळा वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी तिला तयार करताना माझ्या नाकीनऊ आले होते. डावा डोळा त्याहून वाईट होता, त्याची तारीख गुरुवारची. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता उशीर केला तर त्या डोळ्याची खात्री देता येणार नाही. आई ‘बघू’ म्हणायची. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून पान चौदा चिकटवलेलं होतं. सहा वर्षं. डबे काढताना रोज दिसायचं तिला. तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मी दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की नेते. लोकांना समुद्र दाखवण्याच्या नादात आईला न्यायचं राहूनच गेलं, आणि त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

शेवटी तिनेच कंबर कसली. काळा चष्मा लावून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत गेली, कुणी ओळखू नये म्हणून. ‘मला ताईंनी पाहिलेलं पान चौदा हवंय,’ म्हणाली. स्वतःच्या नावाने दोघींचं बुकिंग केलं आणि शुक्रवारी मला फोन. ‘पिशवी भर. उद्या मी तुला समुद्र दाखवायला नेतेय.’

म्हणजे या खेपेला पत्र गेलं नव्हतं.

काउंटरवरचा माणूस नवा होता, त्याने मला ओळखलं नाही. आम्हाला खोली नंबर नऊ मिळाली, तळमजला, मागची बाजू. दार उघडलं तर ओलसर वास. पलंगावर बसले तर गादी मधोमध खचलेली. न्हाणीघरातला नळ हाताने दाबून धरला तरच बंद राहत होता. आई सरळ खिडकीपाशी गेली. पडदा बाजूला केला, काच वर सारली आणि उभी राहिली.

समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. भिंतीत कुठल्याशा स्वयंपाकघराचा काळाकुट्ट पंखा. भिंतीच्या टोकाला पाण्याची टाकी, तिच्यावर निळं प्लास्टिक बांधलेलं, वाऱ्याने थोडं फुगत होतं.

आई बराच वेळ टक लावून बघत होती. डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला.

‘ते निळं आहे ना,’ ती म्हणाली, ‘तो असेल बहुतेक.’

‘आई, अगं ते प्लास्टिक आहे.’

‘गप्प बस. तू लिहिलंयस इथून समुद्र दिसतो म्हणून. तू स्वतः पाहिलायस.’ मग पलंगावर येऊन बसली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, ‘ऑपरेशन फसलंय गं माझं. मला भिंतीपलीकडचं काही दिसतच नाही. आता दुसऱ्या डोळ्याला मी हात लावू देणार नाही. आहे तेवढं तरी राहू दे.’

ही बाई स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला तयार होती, पण माझ्या वाक्यावर नाही. मी दहा वेळा सांगितलं की तिथे भिंतच आहे, मलाही भिंतच दिसते. तिचं एकच. ‘तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. मी आंधळी होतेय ते मला कळत नाही का?’

माझं डोकं फिरलं. मी तरातरा काउंटरवर गेले आणि मॅनेजरला बोलवा म्हणून टेबलावर हात आपटला. मॅनेजर आले, तेच सहा वर्षांपूर्वीचे, फक्त पोट पुढे आलेलं. मला बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

‘अरे, ताई! अहो, आधी कळवायचं ना! तुमची खोली तयारच असते.’

‘माझी खोली?’

‘वरची, कोपऱ्यातली. आम्ही ती कुणाला देतच नाही. तुमच्यासारखे तपासायला येणारे असतात, फोटोवाले असतात, त्यांच्यासाठी ठेवलेली.’

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मला क्षणभर आभार मानावेसे वाटले. सवय, दुसरं काय! मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी विचारलं, ‘समुद्र दिसणाऱ्या खोल्या एकूण किती?’

‘तशी… तीच एक.’

‘आणि एकूण खोल्या?’

‘चौतीस.’

मी किल्ली घेतली. त्यांनी दिली नाही, मी फळीवरून काढून घेतली.

आईला हाताला धरून वर नेलं. दार उघडलं. तीच पांढरीशुभ्र चादर, तीच टोपली, आणि खिडकीत हा एवढा समुद्र! आई चौकट धरून उभी राहिली. होड्या मोजायला लागली, उजव्या डोळ्याने. ‘सात,’ म्हणाली. ‘सात आहेत ना? तू मोज.’ मी मोजल्या, सातच होत्या. आई हसली, रडली, दोन्ही एकदम. ‘बघ! दिसतंय मला! आणि तू खोटं लिहिलंच नव्हतंस!’

झालं की, मी मनात म्हटलं. डोळा चांगला आहे हे तिला पटलं, गुरुवारी ती मुकाट्याने दवाखान्यात येईल. माझंही तोंड शाबूत. खोली बदलून मिळाली एवढंच सांगायचं आणि खाली जाऊन चहा प्यायचा. माझी अगदी तयारी झाली होती गप्प बसायची.

तेवढ्यात आई म्हणाली, ‘अगं, त्या अकरा नंबरच्या बाईंना बोलाव. मघाशी बोळात भेटल्या, मला म्हणाल्या, समुद्र कुठे दिसतच नाही, आपण फसलो. मी त्यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, माझ्या मुलीने स्वतः पाहिलाय, तुम्ही आधी डोळे तपासून घ्या.’

अकरा नंबरची बाई. एका चांगल्या धडधाकट बाईला माझ्या आईने डोळे तपासायला सांगितलं होतं, माझ्या जिवावर. सहा वर्षांत अशा किती जणी त्या भिंतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या असतील की आपलंच काहीतरी चुकतंय, ताईंनी तर स्वतः पाहिलंय! मला ते सहन होईना.

‘आई, त्यांचे डोळे चांगले आहेत. तुझेही चांगले आहेत. माझेच फुटले होते,’ मी म्हटलं. ‘ही खोली कुणाला देत नाहीत. आम्हाला खूश करायला ठेवलीय. मी इथे झोपले, इथून समुद्र बघितला आणि चौतीस खोल्यांचं लिहून टाकलं. बाकीचं एकही दार मी उघडून बघितलं नाही.’

आई खिडकीपासून लांब झाली. मला वाटलं, आता हाणते.

‘सहा वर्षं मी ते पान दाराला लावून ठेवलंय,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘अशी पानं किती?’

‘एक्केचाळीस.’

‘सगळीकडे तुझी खोली होती?’

‘पत्र सगळीकडे जायचं.’

तिने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘किल्ली दे इकडे,’ म्हणाली. मला वाटलं परत करायला चाललीय. कसली परत करतेय! ती खाली उतरली, अकरा नंबरच्या बाईंची माफी मागितली आणि त्यांना वर घेऊन आली. मग बारा नंबरवाले नवराबायको. मग एक पोरंबाळं असलेलं कुटुंब. अर्ध्या तासात जिन्यावर रांग लागली. आई दारात खुर्ची टाकून बसली आणि एकेकाला आत सोडत होती. ‘बघा, पोटभर बघा. याचेच पैसे भरलेत तुम्ही.’ पोरं पलंगावर उड्या मारत होती, टोपलीतली फळं कधीच संपली होती.

मॅनेजर घामाघूम होऊन धावत आले. ‘आजी, हे असं चालणार नाही!’

‘तुमचं सहा वर्षं चाललं ना? माझं एक दिवस चालू दे,’ आई म्हणाली. ‘आणि मला आजी म्हणू नका, तुमची पंचेचाळिशी कधीच उलटलीय.’

ते माझ्याकडे वळले, मी आईला आवरेन या आशेने. मी दाराच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची टाकली.

रात्री आम्ही नऊ नंबरमध्येच झोपलो. त्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायला आईने साफ नकार दिला.

सोमवारी मालकांच्या टेबलावर मी पान चौदाचा नवा मजकूर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

‘ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?’

‘ठणठणीत. हे छापा. आणि उरलेल्या चाळीस ठिकाणी मी परत जाणार. पत्र न पाठवता, आईच्या नावाने बुकिंग करून.’

‘अहो, सगळेच तसं करतात. तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, तो तरी घालवू नका.’

‘तो आहे म्हणूनच तर!’ माझा आवाज इतका चढला की बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. ‘छापायचं नसेल तर एक्केचाळीस पानांवरून माझं तोंड काढा. त्याशिवाय मी इथून हलणार नाही.’

त्यांनी ते छापलं नाही, आणि माझं तोंडही काढलं नाही. मला घरी विश्रांती घ्या म्हणाले. मी घेतली नाही. मंगळवारी नेहमीच्या वेळेला जाऊन बाहेरच्या बाकावर, गिऱ्हाइकांच्या शेजारी बसले. कुणी पुस्तिका चाळत पान चौदापाशी थांबलं की मी माझा कागद पुढे करत होते. बुधवारीही केला. मालक काचेतून बघत होते. मला हाताला धरून बाहेर काढायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण प्रत्येक पुस्तिकेत मीच हसत होते.

गुरुवारी आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती स्वतःच्या पायांनी गेली, एकदाही ‘बघू’ म्हणाली नाही. शुक्रवारी पट्टी काढायला गेलो तेव्हा बाहेर वीसेक माणसं बसलेली, आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला सांगितला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. ‘वाचा बघू आजी.’

‘ती कसली अक्षरं? एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मी माझं आणलंय.’ तिने पर्समधून घडी काढली. माझा कागद होता तो, कपाटाच्या दारावरून काढून आणलेला. जुन्या पानाच्या जागी तिने कधी चिकटवला मला माहीतही नव्हतं.

उजव्या डोळ्यावर हात ठेवून ती खणखणीत आवाजात वाचायला लागली. ‘या हॉटेलात चौतीस खोल्या आहेत. समुद्र एकीतून दिसतो आणि ती तुम्हाला देत नाहीत. बाकीच्यांच्या खिडकीत भिंत आहे. भिंत दिसली तर तुमचे डोळे चांगले आहेत. सहा वर्षांपूर्वी मी इथल्याबद्दल खोटं लिहिलं.’

बाहेरची माणसं उठून दारात डोकावायला लागली. आईने कागद आणखी जवळ घेतला आणि खालची सहीसुद्धा वाचली, पूर्ण नावानिशी, आडनावासकट. वर स्वतःच्या मनचं घातलं, ‘ही माझी मुलगी. ही काय, इथेच उभी आहे.’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघीतिघींनी मला ओळखलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माझे कान तापले. पण मी मान खाली घातली नाही.