मी कोर्टातला की ऑफिसातला?

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, साक्षीदाराचा. कधी एकदा तुम्हाला सांगतो असं मला झालंय, कारण मी नक्की कुठला, याचा निकाल कालच लागला.

अप्पाराव मिस्त्रींनी मला सागवानात घडवलं, जालन्याच्या कोर्टासाठी. तीन बाजूंनी कठडा आणि चढायला एक पायरी. चाळीस वर्षं माणसं माझ्यात उभी राहून शपथ घेत होती. कठडा सगळेच धरायचे, खोटं बोलणारे जरा जास्तच घट्ट. मला त्या कामाचा गर्व होता. मग नवं फर्निचर आलं आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घालू लागले. फार वाईट वाटायचं.

पुढे देवस्थानांचे तंटे ऐकायला कायद्याने एक न्यायाधिकरण नेमलं आणि मला तिथे न्यायचं ठरलं. मी हरखून गेलो. पण उचलताना हमाल म्हणाला, "तिथं कुठं कोर्ट हाय? नुसतं ऑफिस हाय ते." ते मनाला लागून राहिलं.

गेल्या महिन्यात तिथे झुंबरबाई आल्या. घनसावंगीकडच्या एका गावातल्या देवीच्या गुरवीण. वर्षातले चाळीस दिवस देवीची पूजा त्यांच्या घराकडे असते आणि नवरा गेल्यापासून ती त्याच करतात. नव्या विश्वस्तांनी नोटीस दिली, की यापुढे पूजा बाईकडे राहणार नाही. त्यावर तीस दिवसांत स्वतः येऊन दाद मागायची होती. नोटीस हातात पडली ती सेवेच्या दुसऱ्याच दिवशी आणि सेवेत असलेल्याने गावची वेस ओलांडायची नाही, ही तिथली रीत. चाळीस दिवस पुरे करूनच बाई जीपमध्ये बसल्या. नऊ दिवस उशीर झाला होता.

विश्वस्तांचे वकील हीरालालजी न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांना शांतपणे म्हणाले, "मॅडम, उशीर माफ करायचा अधिकार कायद्याने कोर्टाला दिलाय. हे कोर्टच नाही. तेव्हा बाईंचं म्हणणं ऐकताच येणार नाही."

माझ्या फळ्या करकरल्या. बाईंची पूजा आणि माझी ओळख, दोन्ही एकाच दोरीला टांगल्या होत्या.

बाईंच्या वकील राजनंदिनी तरुण होत्या, पण डगमगल्या नाहीत. "इथं समन्स निघतं, शपथेवर साक्ष होते. कोर्ट आणखी वेगळं काय करतं?"

अध्यक्ष मॅडमनी उशिराचं कारण सांगायला बाईंना बोलावलं. माझ्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या.

"बाई, हे मंदिर नाही. घाला चपला," शिपाई म्हणाला.

"शपथ घ्यायचीय न्हवं? मंग पायतान घालून कशी घेऊ?"

त्या अनवाणी माझ्यात चढल्या. त्यांनी कठडा धरलाच नाही. म्हणाल्या, "मॅडम, येस वलांडून आले असते तर बराबर टायमात पोचले असते. पर सेवा मोडली असती. मंग सेवेचा हक कोन्त्या तोंडानं मागू?"



काल मॅडमनी निकाल वाचला. "प्रत्येक बाबतीत हे कोर्ट आहे, असं मी म्हणत नाही. पण दाद ऐकताना दिवाणी कोर्टाप्रमाणेच चालायचं, असं आमच्याच कायद्यात लिहिलंय. तेवढ्यापुरतं हे कोर्ट आहे. नऊ दिवस माफ."

तेवढ्यापुरतं तर तेवढ्यापुरतं. मला नाचता येत असतं तर मी काल नाचलो असतो. बाई अजून जिंकलेल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं ऐकलं जाणार आहे. सोमवारी त्यांची साक्ष आहे.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा रंगही नको. फक्त माझ्या तळाच्या डाव्या फळीतला एक खिळा वर आलाय. इतकी वर्षं चपला-बुटांखाली तो कुणाला कळला नाही. सोमवारच्या आत तेवढा ठोकून घ्या.