मुंबई पाहिलेला माणूस

"गेटवेपाशी गेले ना यमुताई, की पाठ समुद्राकडे करा अन् मंग वर पाहा," जागेश्वर सांगत होता. "लोकं उलटंच करतात. समुद्र पाहत बसतात अन् कमान राहूनच जाते."

यमुताईंनी ते वहीत लिहून घेतलं. नागपूरच्या बेसा भागातल्या त्या इमारतीत समोरच्या दारात राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिका. उद्याच्या गाडीने त्या भैयाजींच्या यात्रा कंपनीबरोबर मुंबईला निघाल्या होत्या, आणि त्या कंपनीचा आचारी म्हणजे समोरचाच जागेश्वर. बाईंनी सकाळपासून त्याचा पिच्छा पुरवला होता.

"आणि घारापुरी?"

"बोटीनं तासभर. वर चढाले शंभराच्या वर पायऱ्या. हातात काकडी घेऊन चढू नका, माकडं हिसकून नेतात. आत तीन तोंडांचा महादेव आहे. डोळे मिटलेला. त्याच्यापुढं बडबड्या माणूसही चूप होते."

"किती बारकाईनं पाहिलंत हो तुम्ही! आता वच्छलाबाई बरोबर येताहेत, तर बायकोला हाताला धरून सगळं दाखवा."

बाई गेल्या आणि जागेश्वरने घाईघाईने दार लावून घेतलं. कारण खरं सांगायचं तर या गृहस्थाने गेटवे पाहिलाच नव्हता. घारापुरी नाही, राजाबाई टॉवर नाही, म्हातारीचा बूटसुद्धा नाही. बावीस वर्षांत मुंबईच्या चाळीसवर फेऱ्या झाल्या. पण सकाळी प्रवाशांच्या हाती तिखट पुऱ्यांचे डबे दिले की बस निघून जायची, आणि हा दादरच्या धर्मशाळेमागच्या स्वयंपाकघरात साठ माणसांच्या रात्रीच्या जेवणाला लागायचा. रात्री पंगत बसली की मंडळी दिवसभर पाहिलेलं एकमेकांना सांगायची. वरण वाढता वाढता मुंबई त्याच्या कानांवर पडायची, तेवढीच.

पहिल्या फेरीवरून तो परतला तेव्हा बायको काय काय पाहिलं ते ऐकायला समोर येऊन बसली. वच्छलाबाई कोष्ट्याच्या घरची. जन्म हातमागाच्या खटखटीत गेलेला, उमरेडच्या पलीकडचं जग ठाऊक नाही. तिला "नळ अन् मोरी पाहिली" असं सांगायला जागेश्वरची जीभ रेटेना. ऐकलेलं त्याने पाहिलं म्हणून सांगून टाकलं. तिचा चेहरा असा खुलला, की पुढच्या फेरीला गडी पंगतीत कान टवकारूनच फिरला. लबाडीच ती, पण त्यात कोणाचं काही लुबाडलं नव्हतं बिचाऱ्याने.

आता मात्र बिंग फुटणार होतं. ही आपल्या आचाऱ्याची शेवटची फेरी म्हणून भैयाजींनी वच्छलाबाईंची सीट फुकट दिली होती. पहिल्याच सकाळी बस निघेल, हा डबे देऊन मागे राहील, आणि तिला सगळं कळेल. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाही खोटारडा म्हटलं नव्हतं. तो विश्वास गमावायची त्याला फार भीती वाटत होती.

तो आतल्या खोलीत गेला. वच्छलाबाई पातळांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होती.

"मी काय म्हणतो, यंदा राहू दे. तुझे गुडघे पाहा. लय पायऱ्या आहेत तिथं."

"बसत बसत चढीन."

"खारी हवा बाधते कोणाकोणाले."

"बाधू दे."

आता काही इलाज नव्हता. जागेश्वर पलंगाच्या कडेला टेकला. "मी तिथलं काहीच पाहिलं नाही वं," तो म्हणाला. "बावीस वर्षं तुले लोकांचं ऐकूनच सांगत होतो."

"माहीत आहे मले."

"कोणं सांगितलं?"

"कोणं कशाले सांगा लागते?" वच्छलाबाईने पुढचं पातळ उचललं. "फिरून आलेल्या माणसाचे पाय दुखतात. तुम्ही मुंबईवरून आले की दरवेळेस मी तुमचे खांदे चोळले. पाय एकदाही चोळा लागले नाहीत."

जागेश्वरला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हलकं वाटलं.

"मंग काहून ऐकत राहिली?"

"एवढ्या राबणुकीत लोकांचं बोलणं ध्यानात ठेवून माझ्यासाठी आणत होते तुम्ही. कोणाचा नवरा आणते?" ती थोडी हसली. "आता मले तुमची मुंबई सांगा."

"गेटवे?"

"गेटवे मी पाहून येईन अन् तुम्हालेच सांगीन. तुम्ही पाहिलेली सांगा."

आपल्या मुंबईत सांगण्यासारखं काय आहे, हे जागेश्वरला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"पहाटे चारले नळ येते," तो सुरू झाला. "मोरीच्या वर एक खिडकी आहे. समोरच्या चाळीतली एक बाई तिथून रोज मले विचारते, आज काय करून राहिले नागपूरवाले. मी सांगतो अन् कामाले लागतो. बसच्या आधी पुऱ्या झाल्या पाहिजेत. बारा किलो कणीक."

वच्छलाबाईचा घडीवरचा हात थांबला. "एकट्यानं?"

"एकट्यानं," जागेश्वर म्हणाला, आणि पुढचं सांगायला लागला.