विनिताच्या घरची रोझरी

कार्मिनने मारियामातेच्या मूर्तीच्या गळ्यातला हार उतरवला, झटकला आणि पुन्हा तसाच घातला. तिच्या ओटीवर बायका गाण्याची पुस्तकं काढून उभ्या होत्या. आता निघायचं एवढंच बाकी होतं.

"मूर्ती आज सुनंदाकडे न्यायची," लिडिया म्हणाली. आळीतली रोझरी तीच चालवायची.

"मध्ये विनिताचं घर आहे," कार्मिन म्हणाली.

"तिच्याकडे दुःख आहे अजून. कशाला त्रास द्यायचा?"

दुःखाच्या घरी मारियामाता आधी जाते, हे लिडियाच दरवर्षी सांगत असे. ऑक्टोबर महिनाभर रोज संध्याकाळी आळीतले लोक मेणबत्त्या घेऊन मूर्ती पुढच्या घरी पोहोचवायचे, तिथे बसून रोझरीची माळ म्हणायचे. पापडी गावातल्या या आळीत आजवर एकही घर गाळलं गेलं नव्हतं.

विनिताचा नवरा प्रीतम बोटीवर नोकरीला होता. पावसाळ्याआधी तो एड्सने गेला. तो शब्द कोणी तोंडातून काढत नसे. विनितालाही तोच आजार असणार, असं मात्र सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मयताच्या दिवशी कार्मिन फाटकाबाहेरच उभी राहिली होती. पुढे एकदा विनिताने चहा विचारला, तेव्हा उपास आहे म्हणून ती घाईघाईने निघून आली. कसला उपास, साधा मंगळवार होता.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सात फादर म्हणाले, "बाप्तिस्म्याला तुमच्या हातात पेटती मेणबत्ती देतो, ती फोटोपुरती नसते हं." लोक हसले होते. कार्मिनही हसली होती. पण तेव्हापासून विनिताचं फाटक तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, कशात लक्ष लागत नव्हतं. भात करपत होता. माळ ओढताना मणी हातून निसटत होते. रात्री ती उठून बसायची आणि कशासाठी उठले तेच तिला आठवत नसे.

तिने मूर्ती छातीशी धरली, दुसऱ्या हातात मेणबत्ती घेतली. दारात तिचा नवरा हिलरी उभा होता. तिचा चेहरा बघूनच तो हळू आवाजात म्हणाला,

"कार्मिन, आपल्याला या लोकांत राहायचंय."

"तीपण याच लोकांत राहते," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

गाणं सुरू झालं. विनिताच्या फाटकाशी ती वळली, तसं मागचं गाणं अडखळलं. एक-दोन आवाज थोडा वेळ पुढे रेटत राहिले, मग तेही थांबले. कार्मिनने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाऊल मागे फिरलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

विनिताने दार उघडलं. आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चटया अंथरलेल्या होत्या. सगळी आळी बसली असती.

"आज आमचा नंबर ना," विनिताची लेक म्हणाली आणि कार्मिनच्या मागे, रिकाम्या अंगणात बघू लागली.

तिघीच बसल्या. कार्मिनने माळ सांगायला घेतली. तिचा आवाज मध्येच चिरकायचा, तेव्हा विनिता पुढची ओळ उचलून धरायची. चटयांच्या कडा वाऱ्याने हलत होत्या.

माळ संपल्यावर विनिता चहा घेऊन आली. स्टीलचा ग्लास होता, त्यावरचा कागदी लेबल अजून निघालं नव्हतं.

"नवा आहे, काकी. आमच्यापैकी कुणी वापरला नाही."

कार्मिनचा पुढे झालेला हात तसाच राहिला.

"तुम्ही कशात पिता?"

लेक उठली, आत गेली आणि त्यांचा रोजचा फुलाफुलांचा कप आणि बशी घेऊन आली. विनिताने त्यात चहा ओतला. ओतताना थोडा बशीत सांडला. कार्मिनने बशीतलासुद्धा घेतला. भीती गेली नव्हती. तरी कप रिकामा करूनच कार्मिन उठली.

घरी आली तेव्हा हिलरी ओटीवरच होता. मयताहून परतल्यावर ठेवतात तशी गरम पाण्याची बादली त्याने दारात ठेवली होती, वर टॉवेल.

"आधी आंघोळ कर."

कार्मिन बादलीला वळसा घालून आत गेली. रोजच्यासारखे हात धुतले, पानं घेतली. हिलरी येऊन बसला.

"काही घेतलंस तिथं?"

"चहा."

"त्यांच्या कपात?"

"हो."

तिने तांदळाची भाकरी हाताने मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली. हिलरीने ताट थोडं बाजूला सरकवलं. ती आपली जेवत राहिली. बाहेर कोणीतरी बोलत बोलत फाटकावरून गेलं. घास तिच्या तोंडात नुसता फिरत होता.

बऱ्याच वेळाने हिलरीने ताट पुढे ओढलं.

"कालवण वाढ," तो म्हणाला. "कोरडी कशी खाऊ?"