समजलं, बाई!

सरकारनं शिक्षक-प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती खासगी विद्यापीठांनाही लागू केली आणि फर्निचरच्या दुकानावरचा मजला बघता बघता शिक्षणशास्त्र विभाग झाला. फळा आला, खुर्च्या आल्या, दारावर पाटी लागली. पत्ता नव्हता तो फक्त मुलांचा. सरकारी महाविद्यालयाला जोडून शाळा असते, शिकाऊ शिक्षक तिथं खऱ्या मुलांपुढे पाठ घेतात. इथं शाळा कुठून आणणार?

विभागप्रमुख सरांनी तोडगा काढला. "तुम्हीच एकमेकांची मुलं व्हा. ज्याला मूल होता येत नाही तो शिक्षक काय होणार?" बोलण्यात सरांचा हात कुणी धरला नसता. मग एक जण फळ्यापुढे उभा राही आणि बाकीचे मिशा फुटलेले घोडे "मी सांगू, बाई?" म्हणून ओरडत.

या खेळात सगळ्यात जास्त मागणी होती ती धाकटीला. घरी दोघी बहिणींत ती धाकटी. वर्गात मात्र तिचं नाव पडलं होतं 'ढ'. पाठ कुणाचाही असो, ढ मुलगी तिनंच व्हायचं. ठरलेल्या जागी ठरलेली चूक करायची, डोकं खाजवायचं, शिक्षकानं दुसऱ्यांदा सांगितलं की मान डोलवून ओरडायचं, "समजलं, बाई!" पाठ खुलायचा. वर्ग पोट धरून हसायचा. धाकटीही हसायची, आणि तिला वाटायचं, आपण शिकवायला शिकतोय.

तिची ताई शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. शिक्षिका व्हायचं वेड खरं तर ताईचं. पण तेव्हा शिष्यवृत्ती फक्त सरकारी महाविद्यालयात होती, जागा मोजक्या, आणि ताईचा नंबर लागला नाही. "माझं राहिलं ते राहिलं. तू तरी फळ्यापुढे उभी राहा," ती म्हणायची. वर्षअखेरच्या पाठात नापास झालं की शिष्यवृत्ती बंद, म्हणजे शिक्षण बंद. धाकटीचा जीव टांगणीला लागला होता.

पाठाच्या दिवशी सरकारी निरीक्षक बाई आल्या त्या पलीकडच्या शाळेतली मुलं सोबत घेऊन. "पाठ यांच्यापुढे घ्या," त्या म्हणाल्या. सरांचा चेहरा पडला.

विषय होता अपूर्णांक. तिनं दोरी दाखवली, कात्रीनं चार सारखे तुकडे केले, एक उचलून म्हणाली, "हा पाव." दुसऱ्या रांगेतल्या एका किरकोळ अंगाच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, दोरी तर आता उरलीच नाही. मग हा पाव कशाचा?"

असली चूक कुणीच कधी केली नव्हती. ही चूक आहे की नाही, हेही धाकटीला कळेना. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग थांबली, कारण दुसऱ्यांदा सांगितल्यावर समोरच्यानं बोलायचं असतं. मुलगी दोरीच्या तुकड्यांकडेच बघत होती. निरीक्षक बाईंचं पेन थांबलं. दारातून सर हातवारे करू लागले. धाकटीनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता.

मुलीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. मग मान डोलवून म्हणाली, "समजलं, बाई!"

ती मान धाकटीनं ओळखली. इतके दिवस तिनं स्वतः डोलवलेली मान होती ती. हिला काडीचंही समजलेलं नाही, हे त्या खोलीत एकट्या तिला ठाऊक होतं. बोलावं का? ताईची बोटं तिच्या डोळ्यांपुढे आली, सुईनं जागोजाग टोचलेली. "शाबास, बस खाली," ती म्हणाली.

"मुलीला समजेपर्यंत तुम्ही सोडलं नाहीत, हे मला फार आवडलं," निरीक्षक बाई म्हणाल्या आणि तिला पास केलं.

तिनं ताईला फोन लावला. मशिनांच्या खडखडाटात ताई ओरडत होती, "ऐकू येत नाही गं! पास ना?" धाकटी "पास" म्हणाली, तशी ताई तिथंच हुंदके देऊन रडायला लागली. धाकटीला आनंद झाला नाही. तिला स्वतःची शिसारी आली.

ती दोरीचे तुकडे गोळा करत असताना मुलगी विसरलेली पेन्सिल न्यायला परत आली.

"बाई, तुम्ही आमच्या शाळेत येणार?"

"येईन बहुतेक."

"मग तिथं नाही समजलं म्हटलं तर चालेल?"

धाकटीनं शेवटचा तुकडा उचलला. "चालेल की," ती म्हणाली. "मी पुन्हा सांगेन."

मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मघाशी वर्गात बघितलं होतं तशीच. मग तिनं मान डोलवली.

"समजलं, बाई," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.