तिरक्या भिंतीचा कोपरा

पडद्यांच्या दुकानात तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैठकांसाठी गाद्या शिवल्या, आणि स्वतःची न्याहारी मात्र ओट्याशी उभ्यानंच उरकली. एका हातात कप, दुसऱ्या हातात उलथनं. स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली एक बाक नि छोटं टेबल हवं, हे तुणतुणं तिनं लग्न होऊन या घरात आल्यापासून लावलं होतं. नवरा दर वेळी "बघू" म्हणायचा. त्याच्या त्या "बघू"ला कधी डोळे फुटले नाहीत.

म्हणून यंदा त्यानं आपण होऊन "सुताराला बोलावतो, तुझा तो कोपरा करून टाकू," असं म्हटलं, तेव्हा ह्याला ताप तर नाही ना, म्हणून तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. नव्हता. मग मात्र तिला आभाळ ठेंगणं झालं.

सुतारानं माप घेतलं नि डोकं खाजवलं. खिडकीची भिंत तिरकी निघाली. इतकी वर्षं त्या भिंतीला पाठ लावून भांडी घासली, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बाई, सुटा बाक करून देतो," सुतार म्हणाला. "मागं थोडी फट राहील, पण उद्या उचलून कुठंही नेता येईल."

"कुठं न्यायचाय? फटीत चमचे पडतील, खरकटं जाईल. भिंतीला लागूनच कापा. तिरका तर तिरका."

नवरा दारात उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं आणि चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता.

बाक भिंतीच्या कलानं कापून पक्का ठोकला गेला. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. तिनं त्यावर कागद अंथरून गादीचा नमुना काढला, त्याबरहुकूम फोम कापला. एका गिऱ्हाइकानं नाकारलेलं पिवळंधमक जाड कापड तिनं दुकानातून आणून कित्येक वर्षं ट्रंकेत दडवून ठेवलं होतं, ते बाहेर निघालं. दुकानात तिचा नुसता हात चालायचा. इथं तिनं जीव ओतला. कडेची पायपिंग, म्हणजे दोरी घालून शिवलेली गोट, जरा कुठं चुणली की सगळी कड उसवायची, पुन्हा घालायची. भिंतीला रंग झाला, कपांसाठी फळी लागली, टेबलावर दिवा टांगला गेला. शेजारीण येऊन "नवी नवरी नटवल्यासारखं चाललंय तुमचं," असं चिडवून गेली. तीही लाजली, या वयात!

पण ती त्यावर बसली नाही. पहिल्यांदा बसायचं ते दोघांनी, रविवारी, निवांत, असं तिनं ठरवलं होतं. नवऱ्याला सांगितलंही. तो "हो हो" म्हणाला. शनिवारी त्यानं मोबाइलवर कोपऱ्याचे फोटो काढले, इकडून, तिकडून. परगावी राहणाऱ्या मुलाला पाठवत असेल, म्हणून ती हौसेनं गादीशेजारी जाऊन उभी राहिली.

"तू जरा बाजूला हो," तो म्हणाला.

ती झाली बाजूला.

रविवारी तिनं दोन ताटल्या मांडल्या. अंडी, टोस्ट, चहा. तेवढ्यात बेल वाजली. दारात घरांची दलाली करणारा एक माणूस आणि त्याच्यामागं एक तरुण जोडपं.

"फोटोत होता तोच हा कोपरा," दलाल सरळ आत शिरत म्हणाला.

तिनं नवऱ्याला बाहेरच्या खोलीत ओढलं. "अहो, हे काय चाललंय?"

"मुलाजवळ जायचं म्हणत होतो ना आपण."

"आपण? मला कधी विचारलंत?"

"सांगणारच होतो. हा दलाल म्हणाला, असा काही कोपरा असला की घर पटकन जातं. म्हटलं, त्या निमित्तानं तुझीही हौस होईल."

हौस होईल! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं तिच्यासाठी जे जमलं नाही, ते गिऱ्हाइकासाठी पंधरवड्यात जमलं.

"गादी ने की बरोबर," तो पडत्या आवाजात म्हणाला.

"कुठं टाकू ती? ही भिंत सोडून जगात कुठं बसणार नाही. सुतार सुटा बाक करतो म्हणत होता, तेव्हा तोंड का नाही उघडलंत?"

तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. या माणसाचा तिला इतका राग कधीच आला नव्हता, आणि ओरडावं इतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

ती स्वयंपाकघरात आली. तरुण मुलगी पिवळ्या गादीवर पाय वर घेऊन बसली होती, पायपिंगवरून बोट फिरवत होती. "किती बरोब्बर बसलीय हो! मी तर रोज इथंच खाणार," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली. मग हिच्याकडं लक्ष गेल्यावर ती लगबगीनं सरकली, शेजारची जागा थोपटत प्रेमानं म्हणाली, "काकू, उभ्या का? बसा ना."

"तू बस, बाळ," ती म्हणाली. "मला उभ्यानं खायची सवय आहे."

तिनं त्या मुलीच्या कोपराजवळची आपली ताटली उचलली, ओट्यावर ठेवली आणि गार झालेला टोस्ट खायला सुरुवात केली.