गनीभाई उठले तेव्हा

मी एक खुर्ची बोलतेय. हसू नका. माणसं माझ्यापायी भांडतात आणि नाव मात्र सेवेचं घेतात, म्हणून आज मीच तोंड उघडलंय.

माझा जन्म बहरीनमधला, मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमधला. संगमेश्वरच्या सदानंद सुताराने उरल्यासुरल्या सागवानातून मला घडवलं. रत्नागिरीकडच्या एका गावच्या लोकांनी इथे जमात, म्हणजे गावकऱ्यांचं मंडळ, काढली होती, तिच्या सदराला, म्हणजे अध्यक्षाला बसायला मी. जो सदर, त्याच्याच घरी खुर्ची, असा रिवाज. म्हणून मी मनामात गनीभाईंच्या हॉलमध्ये आले आणि तिथेच रुळले. निवडीच्या जुम्म्याला, शुक्रवारी, जमातीतले बुजुर्ग फारुखचाचा हात उचलून सरळ दुआच सुरू करायचे, ‘गनीभाईंना बरकत दे.’ दुआत उचललेले हात मध्येच खाली कोण घेणार? झाली निवड!

कुवेतची लढाई संपून तीनेक वर्षं झाली असतील. इलियास नावाच्या तरुण कारकुनाने निवड आठवड्यावर आली असताना दारातच सांगितलं, “या वेळी न विचारता दुआ केलीत तर आम्ही वेगळी जमात काढू.” गनीभाईंच्या बायकोचा, मुनीराभाभींचा जीव थाऱ्यावर राहिना. गावच्या शाळेचं छप्पर, इथून मय्यत घरी पाठवणं, सगळं या एका जमातीवर. ती फुटली तर? गनीभाई मात्र फणफणले, “मी उभी केलेली जमात हाय ती!”

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीची, नुसरतची अमेरिकेच्या इतिहासाची परीक्षा होती. ती माझ्यावर मांडी घालून मोठ्याने वाचायची, अब्बा ऐकायचे.

“मंग त्या वॉशिंग्टनला काढलान कोनी?”

“नोबडी, अब्बा. टू टर्म्स, अँड खलास. ही जस्ट वेंट होम. टू हिज फार्म.”

“लढाई जिंकून दिलेला मानूस? लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचत असताना?”

“येस, अब्बा.”

लाकडाला शहारा येत असेल तर तो मला तेव्हा आला. एवढा मोठा देश, आणि त्याची खुर्ची माणूस आपणहून सोडतो!

मग अ‍ॅडम्स आला. जुना मित्र जेफरसन त्याच्याविरुद्ध उभा राहिला, वर्तमानपत्रांनी चिखलफेक केली, अ‍ॅडम्स हरला आणि एकही गोळी न सुटता राज्य दुसऱ्या पक्षाकडे गेलं. पण नव्या अध्यक्षाच्या शपथेला न थांबता तो पहाटेच निघून गेला.

“तेवढा चुकलान,” गनीभाई म्हणाले. “थांबायला हवा होता.”

मॅडिसनच्या काळात इंग्रजांनी अध्यक्षाचं घरच जाळलं, हे ऐकून भाभी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना लढाईतले भोंगे आठवले. ज्यांची राखाडी लढाऊ जहाजं आपल्या बंदरात उभी असतात, त्यांच्याही अध्यक्षाच्या बायकोला एकदा घर सोडून पळावं लागलं होतं!

जुम्म्याला फारुखचाचांनी हात उचलले आणि गनीभाई उठले.

“थांबा चाचा. आधी इचारा, मंग दुआ.”

बिस्किटांच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या पडल्या. इलियास निवडून आला. कोणी कोणाकडे बघेना. मला वाटलं, आता हे आत निघून जाणार. पण गनीभाईंनी इलियासचा हात धरून त्याला माझ्यावर बसवलं. “आता करा दुआ,” ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हात उचलले.

संध्याकाळी त्यांनी स्वतः मला जिन्यावरून उतरवून पिकअपमध्ये चढवलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. “व्हेअर विल आय स्टडी नाऊ?” नुसरत वरून ओरडली.

हल्ली मी शेजारच्या मुहर्रक बेटावर इलियासकडे असते. पॉलिश उडालंय, एक पाय कुरकुरतो. गनीभाई बैठक चुकवत नाहीत. सतरंजीवर पुढेच बसतात, इलियास अडखळला की मान हलवून धीर देतात. इतकी वर्षं भर बैठकीत मला त्यांची फक्त पाठच माहीत होती. चेहरा आता दिसतो. किती देखणा आहे!

तुम्हीही कुठल्यातरी खुर्चीवर बसला असाल. बसा बापडे. पण एकदा उठून समोर या. तुमचा चेहराही तिला बघू दे.